वस्तुसंग्रहालय आणि वर्गणी



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि येथल्याच सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा चालकांनी मला बोलावले ते विद्वत्तेसाठी खासच नव्हे. मला पैसे मागता येतात, एवढेच कारण असावे. तीस वर्षे मी कारखान्यांच्या फाटकाशी उभा राहून वर्गणी गोळा करीत आलो आहे. आपल्या गावचे वस्तुसंग्रहालय काढण्याचे घाटत आहे, त्याला पैसा कोठून आणावा असा प्रश्न मला घातला आहे. मी त्यात आणखी एक प्रश्न जोडतो. तो पैसा कोणाच्या अटींवर आणावा?

आपल्या महाराष्ट्रात या कामाचे जुने दाखले आहेत. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत जे संग्रहालय आहे, त्याच्यासाठी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड प्रभृती मंडळींनी लोकांकडून वर्गणी उभी केली. १८६२ साली पायाचा दगड बसला. त्या वेळी मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या व्यापाऱ्यांचे उखळ पांढरे झाले. १८६५ साली यादवी संपली, शेअरबाजार कोसळला आणि कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर ठरले. इमारत रखडली. सरकारी पैशाचा हात लागला तेव्हा कुठे ती पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी लोकांना खुली झाली. संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळायला मात्र १९७५ साल उजाडावे लागले. पुढे इमारतीला अवकळा आली, तेव्हा २००३ साली महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि २००८ साली ती पुन्हा उघडली.

ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. तेजीतला पैसा मोठा असतो, पण तेजीबरोबर जातोही. शिवाय दाता इमारतीला पैसे देतो. इमारतीला कोनशिला असते, तिच्यावर नाव कोरता येते. फिनेलच्या बाटलीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. वाळवी, कसर आणि पावसाळ्यातली ओल ही संग्रहालयाची खरी शत्रुसेना आहे. तिच्याशी लढायला पहारेकरी हवा, झाडणारी बाई हवी, वस्तूंची नोंदवही ठेवणारा कारकून हवा, आणि त्या सर्वांना पगार हवा. (तो वेळेवर हवा, हे मी नाही सांगणार तर कोण सांगणार!) हा खर्च उद्‌घाटनाच्या दिवशी कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

हिशेब करून पाहू. गावातल्या दोन हजार माणसांनी महिना दहा रुपये दिले, तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. एवढीच रक्कम व्याजातून मिळवायची, तर सहा टक्क्यांनी चाळीस लाखांची कायम ठेव पाहिजे. चाळीस लाख देणारा एक माणूस शोधणे सोपे, की दहा रुपये देणारी दोन हजार माणसे? तुम्ही म्हणाल, एक माणूस. मी फाटकावरच्या अनुभवाने सांगतो, दोन हजार माणसे. त्यांच्याकडे जायला पाय मात्र लागतात.

छोट्या पैशाची आपल्याला सवय नाही असेही नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्यांनी त्यांची पाठ राखली, आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घरोघरच्या बायांनी मूठमूठ धान्य बाजूला काढून दिले. ज्या बाईने जात्यावर बसताना मूठ बाजूला काढली, तिला ती शाळा आपली वाटणारच.

वर्गणीचा दुसरा लाभ मला पैशाहून मोलाचा वाटतो. वर्गणीदार दर महिन्याला दारात उभा राहतो, त्याला कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करते, गोष्टी निघतात. आमच्या संघटनेची वर्गणी घ्यायला मी एका घरी गेलो असता, तेथील आजींनी ट्रंकेतून फडक्यात बांधलेला पितळी बिल्ला काढला. तो त्यांच्या यजमानांचा होता, साच्यावर काम करणारांचा. त्याच फडक्यात पगाराची चिठ्ठी होती आणि संपाचे एक पत्रक, चार घड्या घातलेले. असे सामान देणगीच्या धनादेशाबरोबर येत नाही. ते आज न्यावे, नाहीतर उद्या भंगारवाला नेईल. हल्ली मोबाइलवरून पैसे येतात. सोय उत्तमच, तिला माझी हरकत नाही. फक्त दारात जाणे सोडू नये.

आता थोडे अवघड बोलतो. गावातल्या एका सधन कुटुंबाने दालनासाठी मोठी रक्कम देऊ केली आहे. त्यांच्या दातृत्वाविषयी मला आदर आहे, आणि ती रक्कम नाकारावी असे मी म्हणत नाही. पण दालनात तंटाबखेड्याची पत्रके नसावीत, अशी त्यांची इच्छा असल्याचे कानावर आले. आमच्या समितीत यावरून दोन तट पडले आहेत. काहीजण म्हणतात, पैसा नसेल तर पत्रके तरी कोठे लावणार? प्रश्न खोटा नाही. परंतु आपल्या गावचा कापूस, आपल्या गावचे साचे आणि आपल्या गावचे मालक दाखवायचे, आणि त्या साच्यांसमोर उभी राहिलेली माणसे बोनसाकरिता कधी बाहेर आलीच नाहीत असे दाखवायचे, तर ते गावचे संग्रहालय कसले? तो एका घरचा फोटोंचा अल्बम होईल. उलट बाजूही सांगतो. संघटनेच्या पैशावर दालन उभे राहिले, तरी मालकाने बांधलेला दवाखाना आम्हांला वगळता कामा नये. मलाही तो मोह होईल, म्हणून नियम आधी लिहून ठेवावा.

नियम सोपा आहे. भिंतीवर दात्याचे नाव लावावे, ठळक लावावे, उद्‌घाटनाला हारही घालावा. कोणती वस्तू मांडायची आणि तिच्याखाली काय लिहायचे, हे मात्र समितीने व अभ्यासकाने ठरवावे. देणगी घेतानाच हे करारपत्रात यावे. कंपन्यांकडेही जावे. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावणे भाग आहे, आणि त्या कार्यांच्या यादीत वारसा व संस्कृतीचे जतन येते. त्यांनाही हेच करारपत्र दाखवावे.

इंग्लंडात मँचेस्टरला पीपल्स हिस्टरी म्युझियम आहे. कामगार संघटनांच्या जुन्या फलकांचा फार मोठा संग्रह तेथे पाहायला मिळतो. सरकारकडून थेट मिळणारे अनुदान २०१५ साली बंद होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी इतिहासातील शंभर बंडखोर स्त्रीपुरुषांची यादी केली आणि एकेकाचे पालकत्व घ्या, असे लोकांना आवाहन केले. एका नावाला तीन हजार पौंड. कोणी एकट्याने घ्यावे, कोणी मिळून घ्यावे. संग्रहालय आजही चालू आहे. येथे आपल्याला पौंड नकोत. पण एकेका वस्तूचे पालकत्व एकेका आळीने, तालमीने, भजनी मंडळाने घ्यावे, ही गोष्ट करण्याजोगी आहे. तांबट आळीने घागरीचा सांभाळ करावा. साच्याचा सांभाळ आमची संघटना करील. हे मी सभेची संमती घेऊनच बोलतो आहे.

जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या दारावर लावला जाईल, पैसा आला तोही आणि गेला तोही. कोणाला शंका असेल त्याने समितीच्या बैठकीत यावे. बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला वाचनालयातच भरते, आणि सधन कुटुंबाच्या पत्राचा विषय येत्या बैठकीत निघणार आहे. पावतीपुस्तके दाराशी आमच्या दोन मुलींजवळ आहेत. दहा रुपयांपासून पावती मिळेल. घरी बिल्ला, पगारचिठ्ठी, जुने पत्रक असे काही असेल, तर त्यांच्याकडच्या वहीत पत्ता लिहून द्यावा, आम्ही पाहायला येऊ.