हुमणीचा भुंगेरा जेवतो केव्हा?



वळवाचा पहिला दमदार पाऊस पडून जातो, माती ओली आणि थोडी गार होते. त्या संध्याकाळी दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंबाखाली उभे राहा. जमिनीतून हुमणीचे तांबूस-तपकिरी भुंगेरे निघतात आणि भिरभिरत कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जाऊन बसतात. तिथेच त्यांचे मीलन होते आणि रात्रभर पाला खाणेही चालते. उजाडायच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. सकाळी तुम्हाला दिसतात ती फक्त चंद्रकोरीसारखी कुरतडलेली पाने.

असे का? बहुतेक कीटकांना अंगची ऊब स्वतः राखता येत नाही. हवा जितकी उबदार, तितके त्यांचे चावणे, पचवणे, उडणे वेगाने चालते. पण ऊन फार वाढले की अंगातले पाणी आटते. मे महिन्यात दिवसा जमीन तापलेली असते, तेव्हा भुंगेरा खाली मातीत दबून राहतो. खाण्याचा वेग ऊब ठरवते, बाहेर पडण्याची वेळ मात्र मावळता उजेड ठरवतो. त्याच्याच कुळातला चीन-जपानकडचा एक काळा भुंगेरा तर एक रात्र आड वर येतो! शरीरातले हे घड्याळ मला फार विलक्षण वाटते.

सगळेच भुंगेरे निशाचर नसतात. वेलवर्गीय भाज्यांवरचा तांबडा भुंगेरा दिवसा पाने खातो. भल्या सकाळी गारव्याने तो सुस्त असतो, म्हणून तेव्हाच तो हाताने वेचावा.

हुमणीला वर्षात एकच पिढी. एक मादी मातीत साधारण ५० ते ६० अंडी घालते आणि पुढे पावसाळाभर तिच्या अळ्या उसाची, भुईमुगाची मुळे कुरतडतात. ऊस पिवळा पडून वाळू लागला की आपण औषध शोधत धावतो, पण तोवर अळी मातीत खोल असते, औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. खरी संधी त्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळींचीच.

म्हणून यंदा वळीव झाला की रात्री झाडांच्या फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. बांधावर प्रकाश सापळाही लावा. भुंगेरे उडून शेजारच्या शिवारातही जातात, तेव्हा एकट्याने करू नका. सगळ्या गावाने एकाच वेळी करा.