वाशी, काशी, माशी : वाचनाची सुरुवात कानापासून

आजचा भाग लहान मुलांबद्दल आहे. पण "आम्हाला कुठे मुलंबाळं आहेत" म्हणून लगेच पुढच्या एपिसोडवर जाऊ नका. भाचा असेल, पुतणी असेल, नाहीतर शेजारच्या फ्लॅटमधलं तीन वर्षांचं पोर रोज तुमचा मोबाईल मागायला येत असेल. म्हणजे हा भाग तुमच्यासाठीच आहे.

विषय आहे बडबडगीतं. चांदोबाची, पावसाची, चिऊकाऊची. या गाण्यांचा पुढे वाचता येण्याशी काय संबंध?

आपल्या वाशीतलं नेहमीचं चित्र बघा. आईबाबा दोघंही नोकरीला, सकाळची हार्बर लोकल गाठायची घाई. आजी गावाला. एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, तमीळ, मल्याळम बोलणारी घरं. शाळा इंग्रजी माध्यमाची. आणि जेवताना बाळासमोर मोबाईल, त्यावर इंग्रजी ऱ्हाइम्स चालू. मूल शांत बसतं, घास पोटात जातो. कोणाला दोष द्यायचा? पण यात एक गोष्ट निसटते, ती आज बोलूया.

लहान मुलाला शब्द म्हणजे अर्थ. "पाणी" म्हटलं की त्याला पेला दिसतो. "पाणी" हा शब्द पा आणि णी अशा तुकड्यांचा बनलाय, हे त्याच्या गावीही नसतं. आणि वाचायचं म्हणजे नेमकं हेच लागतं. कागदावरचं चिन्ह आवाजाच्या तुकड्याला जोडायचं. तुकडाच ऐकू आला नसेल, तर चिन्ह जोडणार कशाला?

आता पावसाला पैशाची लालूच दाखवणारं आपलं गाणं आठवा. त्यात "मोठा" आणि "खोटा" जवळजवळ येतात. शेपूट तेच, तोंड तेवढं बदललं. मूल ते पन्नास वेळा म्हणतं आणि कानाला सवय लागते. पुढे बाराखडीत क, का, कि, की येतं, तेव्हाही हाच खेळ असतो. थोडं तेच राहतं, थोडं बदलतं.

हे मी नुसतं मनाने सांगत नाहीये. १९८३ साली ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना शब्द ऐकवले आणि वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखायला सांगितलं. ज्यांना हे चांगलं जमलं, ती मुलं पुढे वाचनातही पुढे राहिली. त्यातल्या ६५ मुलांचे गट केले आणि बहुतेकांच्या दोन वर्षांत ४० तासिका घेतल्या. काहींना फक्त आवाजांचे खेळ, काहींना त्यासोबत प्लास्टिकची अक्षरंही. आवाज आणि अक्षरं दोन्ही मिळालेला गट सगळ्यात पुढे गेला. म्हणजे गाण्याने कान तयार होतो, पण पुढे अक्षर डोळ्यांसमोरही यायला हवं. १९८७ मध्ये याच चमूने तीन वर्षांच्या मुलांना किती बडबडगीतं येतात ते तपासलं. ज्यांना जास्त येत होती, त्यांना पुढे आवाजांमधले फरक ओळखणं सोपं गेलं. बुद्धी आणि घरची परिस्थिती यांतला फरक वजा करूनही.

मग कोणी म्हणेल, "अरे, मोबाईलवर गाणीच तर लागतात!" बरोबर. पण अमेरिकेत २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली. काहींना त्याच माणसांचे व्हिडिओ दाखवले, काहींना फक्त आवाज ऐकवला. चिनी आवाजांमधला फरक शिकली ती फक्त माणसाबरोबर खेळलेली बाळं. कारण माणूस थांबतो, बाळाकडे बघतो, त्याच्या हुंकाराला उत्तर देतो. व्हिडिओ कोणासाठी थांबत नाही.

आणि "शाळा इंग्रजी, मग मराठी गाणी कशाला?" या प्रश्नाचं उत्तर ऐका. एका भाषेत तयार झालेला कान दुसऱ्या भाषेतही कामाला येतो. ज्याला "मोठा-खोटा" कळलं, त्याला "कॅट-हॅट" सोपं जातं. शिवाय ज्या भाषेत मूल भांडतं, हट्ट करतं, त्याच भाषेतले शब्द त्याला आधी येतात. सुरुवात तिथूनच सोपी.

आपल्याकडे हे जुनंच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पुढे अनुताई वाघांनी ते काम कोसबाडला नेटाने चालवलं. महागडी साधनं नव्हती. आसपासच्या वस्तू, गाणी, गोष्टी आणि मुलांसोबत बसणारी बाई, एवढ्यावर बालवाडी उभी राहिली.

तर आज घरी गेल्यावर पाच मिनिटं काढा. तीन खेळ सांगतो.

एक, अर्धं गाणं. ओळीच्या शेवटी थांबा आणि शेवटचा शब्द पोराला म्हणू द्या. चुकला तरी हसा, टोकू नका.

दोन, टाळ्या. आपली स्टेशनं घ्या. वा-शी, दोन टाळ्या. सान-पा-डा, तीन. ने-रूळ, परत दोन.

तीन, वेगळा कोण? वाशी, माशी, केळं. यात वेगळा शब्द कोणता? मग पुढे जोडत जा : काशी, राशी. "वाशीची माशी, निघाली काशीशी" असं काहीही चालेल. अर्थ नसला तर मुलं जास्त खूश होतात.

पोर चार-साडेचार वर्षांचं झालं की "वाशी" कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, किंवा स्टेशनवरची पाटी बोट दाखवून वाचा. टाळ्या वाजवलेला शब्द आता डोळ्यांना दिसेल.

गाणी आठवत नाहीत? आजीला फोन लावा, स्पीकरवर टाका. ती म्हणेल, पोर साथ देईल. मोबाईलचा हा वापर चांगला आहे, कारण पलीकडे थांबणारं माणूस आहे.

तुमच्या घरातलं एखादं बडबडगीत आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा आणि ऐकवत राहा!