संगणकाची सोडत



उत्तर चुकलेल्या मुलाला धीर देणारी पाच वाक्ये योजून त्यांतील कोणतेही एक पडद्यावर उमटावे, अशी आज्ञावली आपण ‘सी’ भाषेत लिहिलीत. कल्पना स्तुत्य आहे. परंतु आज्ञावली नव्याने सुरू केली, की दर वेळी पहिल्या चुकीला तेच वाक्य येते. असे का व्हावे?

संगणक चिठ्ठ्या उचलीत नाही. तो गणित करतो. आरंभीच्या एका संख्येपासून, म्हणजे बीजापासून, पुढील सर्व संख्या ठरावीक सूत्राने निघतात. ‘रँड’ या फलनास बीज दिले नाही, तर ते १ धरले जाते आणि क्रम तोच राहतो. म्हणून आरंभी ‘एसरँड’ला घड्याळातील वेळ द्यावी, तीही एकदाच. प्रत्येक वाक्याआधी दिल्यास त्याच सेकंदात पुन्हा तेच बीज पडते.

मोजणीतही चूक होते. वाक्यांचे क्रमांक ० ते ४ असल्याने आलेल्या संख्येस ५ ने भागून बाकी घ्यावयाची. ४ ने भागल्यास पाचवे वाक्य कधीच येणार नाही, आणि यंत्र त्याबद्दल अवाक्षरही काढणार नाही!

खेळासाठी एवढे पुरे. घरांच्या किंवा प्रवेशाच्या सोडतीस मात्र हे फलन वापरू नये. बीज पेरल्याची वेळ ज्यास ठाऊक, त्यास सारा निकाल आधीच काढता येतो.