तिसरीचा गृहपाठ आणि आपण आया
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवी. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "सातवी शिकलेल्या आईने तिसरीच्या मुलीचा अभ्यास कसा घेतला, तेवढेच सांगा." तेवढेच सांगते. त्यात माझी चूकही आली. ती लपवली तर बोलण्यात अर्थ नाही.

मला तीन मुले. मोठा मुलगा लहान असताना त्याची वही नीटनेटकी दिसावी म्हणून उत्तरे मीच सांगत असे. कधी हात धरून लिहवून घेत असे. वही भरली की माझे समाधान. तो दरवर्षी वरच्या वर्गात गेला. आठवीत कळले, की त्याला गणित येत नाही असे नाही. गणितात काय विचारले आहे, तेच त्याला वाचता येत नाही. नववीत त्याने शाळा सोडली. आज तो संत्र्याच्या बागांतून कामाला जातो. कष्टाची भाकर आहे, तिला मी कमी म्हणत नाही. पण फवारणीच्या औषधासोबतचा कागद तो दुसऱ्याला वाचायला देतो, तेव्हा माझ्या पोटात कालवते.

एवढे होऊनही मी शहाणी झाले नव्हते. मागच्या वर्षी धाकटी तिसरीत गेली. तिची वही सुंदर, पानोपानी बाईंची सही. एक दिवस शाळेतून पालकसभेची चिठ्ठी आली. माझे हात पिठात होते. मी म्हटले, "वाच गं जरा." ती दोन अक्षरे लावून थांबली, आणि मग मनानेच काहीतरी सांगू लागली. मी चिठ्ठी पाहिली, तर त्यात तसे काहीच नव्हते. मी विचारले, "मग वही कशी भरते?" ती म्हणाली, "ताई गाईडातून सांगते अन् मी लिहितो."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मोठ्याच्या वेळी जे मी केले, तेच आता थोरली मुलगी करीत होती, आणि मी कौतुकाने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला काही गोष्टी समजावल्या, त्या तुम्हांलाही उपयोगी पडतील. पहिली ही, की तिसरी हे काठावरचे वर्ष आहे. तोवर मूल वाचायला शिकते. पुढे त्याला वाचून शिकावे लागते. म्हणूनच ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत, असे ठरले. २०२४ साली 'असर'ची पाहणी झाली, तेव्हा देशातल्या खेड्यापाड्यांत तिसरीच्या १०० मुलांपैकी सुमारे २७ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. म्हणजे माझी मुलगी एकटी नव्हती. पण त्यात समाधान कसले?

दुसरी गोष्ट ऐकून मी चकित झाले. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे म्हटले आहे. दिवसाला नव्हे, आठवड्याला! दोन तास म्हणजे सहा दिवस रोज वीस मिनिटे. एवढ्यात तर आपले वरण शिजते. मी आपली पोरीला दीड-दीड तास लिहायला बसवत होते.

मग आम्ही आठवडा ठरवला. सोमवार-मंगळवार वाचन. मी भाकरी थापायची, तिने मोठ्याने धडा वाचायचा. अडली तरी लगेच शब्द सांगायचा नाही, दहा मोजायचे. शेवटी पुस्तक मिटून "काय झालं ते सांग" म्हणायचे. बुधवार-गुरुवार गणित. हातच्याची बेरीज टोपलीतल्या संत्र्यांवर केली. दहाचा ढीग झाला की एक शेंगदाणा बाजूला. पुस्तकातली रीत माझ्या वेळच्या रितीहून वेगळी दिसली, तेव्हा मी तिला चूक म्हटले नाही. म्हटले, "बाईंनी कसं शिकवलं ते मले शिकव." मला शिकवताना तिची चूक तिलाच सापडे.

शुक्रवारी परिसर अभ्यास. ते पुस्तक आपल्याच अमरावती जिल्ह्याचे असल्याने मला भारी आवडले. आंबिया बहर कोणता आणि मृग बहर कोणता, हे तिने आजोबांना विचारून लिहिले. एका रविवारी सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण पाहिले. तिने दरवाजे मोजले, तेरा भरले. येताना तेराचा पाढा पाठ झाला. शनिवारी सकाळची शाळा. दुपारी दप्तर उघडून आठवड्याच्या वह्या आम्ही दोघी पाहत असू, आणि कुठे अडले ते बाईंना चिठ्ठीत कळवत असू.

एक गोष्ट मात्र जिवावर आली. जे येत नाही ते कोरे सोडायचे, असे बाईंनी बजावले होते. पहिल्या आठवड्यात वही अर्धी कोरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण बाई म्हणाल्या, "आता मला कळलं, कुठून शिकवायचं ते." तेव्हा मला उमगले, की वही ही आईच्या अब्रूची वस्तू नव्हे. मूल कुठे अडले ते बाईंना सांगणारा तो निरोप आहे. आपण त्यात आपली उत्तरे भरतो तेव्हा तो निरोप आपणच खोडतो.

दिवाळीनंतर ती अडखळत का होईना, पानभर वाचू लागली. मार्चअखेर समजून वाचू लागली. पुढे पावसाळ्यात मोठ्याने औषधासोबतचा कागद घरी आणला. धाकटी जवळ बसून एकेक ओळ वाचू लागली. पाणी किती, औषध किती, हिशेब तो करू लागला. एका शब्दाशी ती अडली. तो तिच्या खांद्यावरून वाकला आणि हळूच म्हणाला, "थांब, मी पाहतो." मी चुलीकडे तोंड फिरवले.

आपल्याच जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा स्वतः शाळेत शिकले नव्हते. पण लोकांनी मुलांना शिकवावे म्हणून गावोगाव फिरले. आपण तर सातवी-दहावी झालेल्या. आपल्याला शिकवता येत नसेल, ऐकता तर येते? शाळेच्या माता-पालक गटात आपल्यापैकी कितीतरी जणींची नावे आहेत. ती नुसती सहीपुरती राहू नयेत.

माझी एकच विनंती आहे. दर शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामी असते. तिसरीतली मुले तिथे आणू. गाईड घरी ठेवू, गोष्टींची पुस्तके आणू. मुले वाचतील, आपण वाती वळत ऐकू. ज्यांना हे पटेल त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहिले नाव माझे, आणि दुसरे माझ्या मोठ्या मुलाचे. तो ऐकायला येणार नाही, वाचायला येणार आहे. मी त्याला विचारूनच हे सांगते आहे.