दारापुढचा ओटा

श्रोतेहो, नांदुरा-मलकापूरकडची मंडळी म्हणतील, ओटा बांधणं काय रेडिओवर सांगायचं? मलाही तसंच वाटत होतं.

एका एप्रिलात मी भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर थोडी वाळू पसरली, वर शहाबादी फरशी अंथरली. चार दिवसांत ओटा तयार! आई सांजेला तिथं बसू लागली. दिवाळीपर्यंत निम्म्या फरश्या वर उचलल्या, निम्म्या खचल्या. एका उचललेल्या कडेला तिचा पाय अडखळला आणि उजवं मनगट मोडलं.

दोष फरशीचा नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगेत अख्खा हात जातो. कपाशीला ती सोनं, बांधकामाला मात्र वैरीण. घाटावर, बुलढाण्याकडं, पुष्कळ ठिकाणी मुरूम लवकर लागतो. त्यांना ही कटकट कमी.

दुसऱ्या खेपेला मी दोन फूट खोदलं. निघालेली काळी माती शेतात टाकली. भरावात ती परत ढकलायचा मोह होतो, तो टाळावा. मग मुरूम, एका वेळी सहा इंचच. पाणी शिंपडायचं, दुरमुसानं ठोकायचं, मग पुढचा थर. पाठ भरून येते, पण सगळा ओटा याच कामावर उभा असतो. अर्थात, माती खोल असेल तर एवढ्यानं ती पुरती गप्प बसत नाही. हालचाल कमी होते, इतकंच.

कोपऱ्यासाठी दोरी पुरते. एका बाजूला 3 फूट, दुसरीला 4, तिरकं अंतर 5 भरलं की काटकोन. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहिली आणि अंगणाकडं दर चार फुटांना एक इंच उतार दिला. भिंत आणि ओटा यांत अर्धा इंच फट ठेवून डांबर भरलं. दोघं वेगवेगळे हलतात, त्यांना जखडू नये. पागोळ्यांचं पाणी बुडाशी मुरू नये म्हणून कडेनं नालीही काढली.

पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, लाकडाचा करा, छान दिसतो." म्हटलं, "बाबा, जमिनीला टेकलेलं लाकूड म्हणजे उधईला आवतण."

ओटा झाला. आई लगेच बसली नाही. डाव्या हातानं तांब्याभर पाणी ओतलं, ते अंगणाकडं गेलेलं पाहिलं, आणि मग टेकली.