नॉमिनी लावला, पुढे काय?

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांसमोर केलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण पंचवीस वर्षांपूर्वी चाळिशी-पन्नाशीत असलेले आपण आता सत्तरीच्या घरात आहोत.

बँकेत आम्ही खातेदाराला विचारायचो, नॉमिनी कोण? त्यात कुणाला अभद्र वाटत नसे. मग उद्या आपल्याला बोलता येईनासं झालं, तर उपचारांबद्दल कोणी बोलायचं, हेही ठरवायला नको का?

शेवटची वेळ कुणालाच सांगता येत नाही. गरजा मात्र आधी ओळखता येतात. डॉक्टर स्वतःला विचारतात : हा रुग्ण वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर 'नाही' आलं, की तयारीला लागायचं. वजन उतरणं, वारंवार पडणं, पुन्हा पुन्हा इस्पितळात भरती, दिवसाचा बराच वेळ अंथरुणात जाणं, ही लक्षणं घरच्यांनाही दिसतात.

कॅन्सरमध्ये तब्येत बहुधा शेवटच्या काही महिन्यांत झपाट्याने ढासळते. तिथे वेदनाशामक औषधांची सोय आधी हवी. हृदय कमजोर झालेला माणूस खालावतो, सावरतो, पुन्हा खालावतो. त्याच्या घरी धाप लागल्यास काय करायचं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं चालतो; तिथे रुग्णाइतकीच त्याची सेवा करणाऱ्या सुनेला मदत लागते.

मनोरीत हे जास्तच लागू. मार्वे समोर दिसतं, पण फेरीबोट बंद झाली की गोराई, उत्तन, भाईंदर असा वळसा. रात्री धावाधाव करण्यापेक्षा औषधं आणि नर्सचा फोन नंबर घरात तयार असावा.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडणं नव्हे. दुखणं, धाप, भीती कमी करणं हे तिचं काम, आणि ते उपचारांसोबतच सुरू करता येतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या रुग्णांची अशी सेवा करत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, त्याचं नाव त्यात लिहायचं.

पण कागदाआधी मुलांशी बोला. नाहीतर तो कागद त्यांना ऐनवेळीच दिसेल. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट ज्या फाइलमध्ये आहे, त्यातच तो ठेवा, आणि फाइल कुठे आहे तेही सांगून ठेवा.