रुमालाखालचा सौदा



पोरांच्या मोबाईलवरील खेळातली खरेदी-विक्री हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे इथल्या काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आले असेल. सिरसाळ्यात कापूस, सोयाबीन, ऊसतोड असे जिवंत प्रश्न पडलेले असताना ही कसली चैन? परंतु आमच्या मते प्रश्न जुनाच आहे. स्वस्तात घेऊन महाग विकणाऱ्याचा नफा केव्हा न्याय्य आणि केव्हा नव्हे, हाच तो प्रश्न. फक्त तो आता आपल्या मुलांच्या हातात आला आहे, आणि त्यांना तो सोडवून दाखवणारा घरात कोणी नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. ह्या खेळांत तलवारी असतात, चिलखते असतात, पोशाख असतात, बंदुकांवर चढवायचे रंगीत साज असतात. त्या हाताला लागत नाहीत, पण दुर्मिळ असतात. आणि जे दुर्मिळ, त्याला भाव येतोच. २००१ साली इंग्लंडात निघालेल्या रूनस्केप ह्या खेळात २००७ साली ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाचा मोंढाच उघडला गेला. घेणारा आणि देणारा एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. आपापला भाव टाकून बसतात, जुळला की सौदा. तिथे असे खेळाडू आहेत की जे राक्षसाशी लढतही नाहीत. मंदीत माल उचलायचा, तेजीत सोडायचा, एवढाच त्यांचा उद्योग.

हे पाप आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. गुरांच्या बाजारात सकाळी बैल घेऊन दुपारी तोच विकणारा हेडी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला शिव्या देणे सोपे असते. पण ज्याला लग्नाच्या खर्चासाठी आजच बैल विकायचा आहे, त्याच्यासाठी तो रोख पैसे घेऊन उभा असतो, आणि पुढे गिऱ्हाईक आले नाही तर वैरणीचा खर्च त्याच्याच माथी बसतो. थांबण्याची आणि जोखीम घेण्याची मजुरी त्याने घेतली तर बिघडले कोठे? खेळातल्या फेरविक्याचेही तसेच. शिवाय एकाच माणसाने सारा माल कोंडून ठेवू नये म्हणून रूनस्केपने दर चार तासांत किती नग घेता येतील ह्याची मर्यादा घातली आहे, आणि त्याच्या जुन्या धर्तीच्या आवृत्तीत २०२१ पासून विक्रीवर शेकडा एक असा करही बसवला, जो पुढे वाढवला. साठेबाजी रोखायला आपल्याकडे १९५५ साली अत्यावश्यक वस्तूंचा कायदा करावा लागला. खेळाच्या चालकांनाही तसलेच काही सुचावे, ह्याची आम्हांला गंमत वाटते.

पण त्याच गुरांच्या बाजारात दुसरीही एक रीत आहे. दोन हात रुमालाखाली जातात, बोटे दाबली जातात आणि भाव ठरतो. बैलाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला काही कळत नाही. भाव उघड व्हावा म्हणूनच बाजार समित्यांतून उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. खेळातही रुमाल आहे. नवा खेळाडू, बहुधा बारा-तेरा वर्षांचा पोर, आपल्याकडे आलेली दुर्मिळ वस्तू काय मोलाची हे जाणत नाही. एखादा जाणता त्याला एकांतात गाठतो, “ही काही फार चालत नाही रे” म्हणतो, आणि शंभराची वस्तू पाचाला घेतो. उघड्या मोंढ्यावर भाव टाकणे वेगळे आणि हे वेगळे. “खेळच आहे, पत्त्यांत नाही का आपण पाने लपवत?” असे ह्यावर उत्तर मिळते. लपवतो ना. पण पत्ते खेळताना समोरच्याला ठाऊक असते की पाने लपवायचीच असतात. ह्या पोराला आपण डावात बसलो आहोत हेच ठाऊक नसते.

गप्प राहणे आणि खोटे बोलणे ह्यांतल्या सीमेवर रोमन पंडित सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी विचार केला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. धान्याचे जहाज घेऊन एक व्यापारी पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्यालाच ठाऊक. त्याने ते सांगावे काय? डायोजेनिस म्हणतो, सांगण्याची सक्ती नाही. अँटिपेटर म्हणतो, सांगावे. सिसेरोने कौल अँटिपेटरकडे दिला. आम्ही मात्र एक पोटभेद करू. नियम बदलणार अशी जाहीर सूचना चालकांनी सर्वांसाठी लावली आणि एकाने ती वाचून आधीच माल घेतला, तर ती त्याची मेहनत. चालकांच्या घरातला माणूस ती आतून फोडत असेल, तर तो रुमालच.

आता खऱ्या पैशांकडे येऊ, कारण तिथे घरे भाजतात. बीजीएमआयसारख्या खेळातली आख्खी ‘आयडी’ पोरे रुपयांत विकतात. चालकांच्या नियमांत ही विक्री मुळातच मना आहे. म्हणजे विकणारा जे विकतो ते त्याच्या मालकीचेच नाही. पैसे घेऊन झाल्यावर जुन्या फोन क्रमांकाच्या आधारे तीच आयडी परत ओढून घेता येते, आणि फसलेला पोर दाद मागणार कुणाकडे? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करण्याची पात्रताच नाही, आणि १९०३ साली मोहरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. आयडीच्या ह्या उलाढालीवर त्याने घरातला जागता डोळा भागत नाही.

मालकी किती पोकळ असते तेही पाहा. काउंटर-स्ट्राइक ह्या खेळातले चाकू हजारो रुपयांना विकले जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये चालकांनी एक नियम बदलला. लाल दर्जाच्या पाच वस्तू देऊन चाकू मिळू लागला. चाकूंचे भाव रातोरात कोसळले. ना पाऊस पडला, ना पीक बुडाले. ज्यांनी ते चाकू आदल्या आठवड्यात दुसऱ्याच्या गळ्यात घातले, त्यांनी लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनाही ठाऊक नव्हते. पण उद्या आपला मुलगा “बाबा, पाच हजारांचा गिऱ्हाईक आलाय” म्हणत आला, तर रागावण्याआधी त्याला दोनच गोष्टी विचारा : तो भाव दुसऱ्या कुणाला दिसतो आहे काय, आणि घेणाऱ्याचे वय किती आहे.